करारातली आई

देवापुढे ठेवलेला कागद कोणी उघडून वाचत नाही. माझ्या पहिल्या कॉमिक्सचा करार आईने हळदकुंकू लावून लालबागच्या खोलीतल्या देव्हाऱ्यात ठेवला आणि तो तिथेच राहिला. सही करतानाही मी तो वाचला नव्हता. घरी पेढे आधीच आले होते.

गोष्टीची नायिका होती चाळीतली एक धीट मुलगी. तिची आई म्हणजे माझीच आई, जशीच्या तशी: गिरणीत कामाला, मशेरीने काळे पडलेले दात, तोंड उघडलं की अख्ख्या चाळीला ऐकू जाणार. पहिल्याच अंकाची पानं गिरगावच्या कचेरीतून परत आली. संपादक म्हणाले, "मुलांच्या पुस्तकात मशेरी? पालक अंगावर येतील. दात पांढरे करा." केले. मग गिरणीच्या फाटकावर घोषणा देणारं तोंड गोड हसरं करायला सांगितलं. तेही केलं. मग डोक्यावर पदर आला. पांढऱ्या रंगाची बाटली दरवेळी माझ्याच हातात होती, आणि दरवेळी वाटायचं, एवढ्याने काय बिघडतंय.

छापलेला अंक बघून आई म्हणाली, "ही कोण गो? माका ओळखूक येणा नाय." मी हसण्यावारी नेलं. आता त्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी आई गेली. फोनमधले सगळे फोटो कवळी लावलेल्या, थकलेल्या बाईचे. तरुणपणीचा एकही नाही. म्हणून वर्षश्राद्धाला मी तिचं चित्र काढलं आणि फेसबुकवर टाकलं. चौथ्या दिवशी नोटीस आली. माझं कॉमिक्स छापणारं प्रकाशन मधल्या काळात दोनदा विकलं गेलं होतं. नव्या मालकांचं म्हणणं, हे आमचं पात्र आहे, चित्र ताबडतोब काढून टाका. माझ्या आईला यांची परवानगी! रागाने अंगाचा तिळपापड झाला. करार देव्हाऱ्यातून काढून पहिल्यांदा वाचला. नायिका, तिचा चेहरा, तिचे नातेवाईक, सगळं त्यांचं. कायमचं.

परळच्या वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "घाबरू नका. हे चित्र तुमच्या आईंचं आहे, पुस्तकातल्या बाईचं नाही, एवढा फरक दाखवा. बाकी मी बघते."

घरी येऊन जुना अंक आणि चित्र जमिनीवर शेजारी शेजारी ठेवलं. धाकटा भाऊ बराच वेळ वाकून बघत होता.

"ताई, दात पांढरे काढलेस गं."

डोक्यावर पदरही होता. तेच गोड हसूही. काढताना मला काहीच जाणवलं नव्हतं.

"ही आपली आई नाय," तो म्हणाला. "ही त्यांचीच आहे."

तेव्हापासून रोज कागद घेऊन बसते. वकीलबाईंचे फोन येतात, मी उचलत नाही. दात काळे केले तर ते नुसते रंगवलेले दिसतात. ओरडणारं तोंड काढायला घेतलं की हात आपसूक ते हसरं करून ठेवतो.

काल भावाला विचारलं, "आई फाटकावर ओरडायची, तेव्हा तिचं तोंड कसं दिसायचं रे?"

तो सांगायला लागला, आणि मध्येच थांबला. मग त्याने तो जुना अंक ओढून घेतला.