सत्तेचाळिसाव्या पानावरचा तीळ

छापखान्यात त्याला सगळे मिलिमीटर म्हणायचे. पुस्तकांची पानं लावणं हे त्याचं काम. एखादं चित्र केसभर जरी सरकलं तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा.

"मिलिमीटर, जेवायला चला. ते चित्र कुठं पळून जात नाही," मालक म्हणायचे.

"पळत नाही हो, पण तिरकं उभं आहे," असं म्हणत तो स्क्रीनला नाक लावून बसायचा.

शेकडो पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली. घरी मात्र त्याने एकच आणलं. पुढच्या भागात रोजची योगासनं, मागच्या भागात घरच्यांची तब्येत कशी सांभाळायची ते. त्या पुस्तकातल्या प्रत्येक आसनात त्याची बायको होती.

मॉडेल बोलवायला मालक तयार नव्हते. पुस्तक लिहिणारे योगशिक्षक म्हणाले, "बाहेर कशाला शोधता? माझ्या वर्गात तुमच्या घरच्यांइतकी ताठ पाठ कुणाची नाही." मग एका रविवारी गोदामात पांढरी चादर टांगली, कागदाच्या गठ्ठ्यावर चार वर्षांच्या लेकीला बसवलं आणि कॅमेरा त्याने स्वतःच धरला.

"अहो, हसू का?"

"आसनात कोण हसतं?"

"मग पुस्तक कोण घेईल? सगळीकडे मी अशी कावलेली." आणि ती किंचित हसलीच. डाव्या गालावर तीळ होता, तो हसताना वर सरकायचा.

दुपारपर्यंत सगळं झालं. शेवटी वक्रासन राहिलं. पाय पसरून बसायचं, एक गुडघा उभा करायचा, हात मागे टेकवून कंबरेतून वळायचं. उजवीकडे ती सहज वळली. डावीकडे निम्म्यात थांबली.

"इथं अडतंय हो."

"परत बघ."

परत तिथंच. तिसऱ्यांदाही तिथंच. लेक भुकेने कुरकुरायला लागली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "मी करतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी त्याने उजवीकडचा फोटो आरशात दिसावा तसा उलटा केला. एका क्लिकचं काम. शेहेचाळिसाव्या पानावर उजवं वळण, समोर सत्तेचाळिसाव्यावर डावं. दोन्ही आकृत्या अशा बसल्या की पान मिटलं तर एकीवर एक तंतोतंत पडावी. त्या जोडीकडे तो बराच वेळ बघत बसला. प्रुफं चार वेळा तपासली आणि चारही वेळा ते पान बघून त्याला बरं वाटलं.

पुस्तक आलं तेव्हा तिने शेवटचं पान लगेच भरायला घेतलं. 'कुटुंबाचं आरोग्यपत्रक', त्यानेच रेघा मारलेलं. त्याचा रक्तदाब, सासूबाईंची साखर, लेकीचं वजन आणि लशींच्या तारखा. स्वतःच्या नावापुढच्या सगळ्या चौकोनांतून तिने एकच शब्द लांबवत नेला: ठीक.

सात महिन्यांनी ती अंथरुणातून उठेना. मणक्याजवळ गाठ निघाली.

"आधी काही जाणवलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "वळताना वगैरे अडायचं का?"

ती औषधाच्या गुंगीत होती. उत्तर त्यालाच द्यायचं होतं. "नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना पूर्ण वळायची."

तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या डोळ्यासमोर पान होतं, आणि पानावर ती दोन्हीकडे पूर्ण वळली होती. दवाखान्याचा जिना उतरताना चौथ्या-पाचव्या पायरीवर त्याला गोदाम आठवलं. तो कठडा धरून उभा राहिला आणि तसाच परत वर गेला. त्याचं ऐकून घेऊन डॉक्टर म्हणाले, "तेव्हाच आला असता तर…" वाक्य अर्धंच ठेवून ते कागदावर लिहायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

लेकीला आई नीटशी आठवत नव्हती. तिला पुस्तकातली आई होती. सात-आठ वर्षांची असताना ती पुस्तक जमिनीवर उघडं ठेवून आसनं करायची, आणि आधी पेनाने डाव्या गालावर तीळ काढायची. सत्तेचाळिसावं पान आलं की थुंकी लावून तो पुसायची आणि उजव्या गालावर दुसरा काढायची. आजी हसून हसून बेजार. "अगं, तुझ्या आईचा तीळ काय चालतो का?" दारात उभा असलेला तो आत निघून जायचा.

आता ती बावीस वर्षांची. सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तिचा स्वतःचा योगवर्ग भरतो. एका शनिवारी ती वर्गावरून आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "बाबा, आज एका काकूंनी पकडलं. म्हणाल्या, पुस्तकातला वक्रासनाचा हा फोटो उलटा आहे, तीळ बघ. मी म्हटलं, माझ्या बाबाच्या हातून मिलिमीटर सुटत नाही आणि अख्खा गाल कसा सुटेल?"

तो पेपर वाचत होता. त्याने तो घडी घालून मांडीवर ठेवला, पुन्हा उघडला, पुन्हा घडी घातली.

"उलटाच आहे," तो म्हणाला.

"मग खरा कुठाय?"

चूक झाली म्हणून सांगितलं असतं तर तिने थट्टा करून सोडून दिलं असतं. ती वाट त्याला दिसत होती. अठरा वर्षं तो त्याच वाटेने चालला होता.

तो उठला. जुन्या कॉम्प्युटरला बरण्यांच्या कपाटामागची हार्ड डिस्क जोडली. फोटो उघडायला वेळ लागला.

आई निम्मीच वळलेली होती. हात जमिनीपर्यंत पोचला नव्हता. चेहरा मागे जायच्याऐवजी जवळजवळ समोरच होता, तीळ डाव्या गालावर, ओठ अर्धवट उघडे. ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

"काहीतरी बोलतेय," लेक म्हणाली.

"अडतंय म्हणत होती."

"आणि तू?"

त्याने सगळं सांगितलं. गोदाम, क्लिक, डॉक्टरांचा प्रश्न, जिना. सांगताना तो स्क्रीनकडेच बघत राहिला. तिने फोटो मोठा केला, आईचा चेहरा, मग खांदा, मग तो अधांतरी हात. पंखा फिरत होता. खालच्या घरी कुणीतरी कपडे आपटत होतं.

फोटो तसाच उघडा ठेवून तिने चटई अंथरली. पाय पसरून बसली, गुडघा उभा केला, आणि डावीकडे वळली. शरीर सवयीने पूर्ण वळायला निघालं होतं. तिने ते मधेच थांबवलं.

"इथपर्यंत?" तिने विचारलं.

त्याने फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"थोडं अलीकडे," तो म्हणाला.

ती सरकली.

"अजून थोडं."

ती आणखी अलीकडे आली. आता तिचा चेहरा जवळजवळ त्याच्यासमोर होता.

"हां," तो म्हणाला. "इथं."

ती तिथंच थांबून राहिली, त्याच्याकडे बघत. या वेळी त्याने नजर हलवली नाही.