उमाबाईनं मोडलेली सोयरीक

उदगीरच्या उमाबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लेकीची लेक सिंधु तिनं आपल्याच थोरल्या पोराला करून घेतली. मामानं भाची करायची ही तिकडची जुनी रीत. पोरगी परक्याच्या दारात जात नाही, सासू म्हणून आजीच मिळते. सिंधु लग्नानंतरही तिला आज्जीच म्हणायची. पुढं धाकट्या पोराला सिंधुची बहीण आरती ठरली, सुपारीही फुटली.

सिंधुची लेक सृष्टी मात्र सहा वर्षांची झाली तरी भिंत धरूनच चालायची. एकदा उंबऱ्यावर डोकं जरासं आपटलं, आणि पोरीची उजवी बाजू लुळी पडली. ती हळूहळू सावरली, पण लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि रिपोर्ट आल्यावर सिंधु आणि उमाबाईला समोर बसवलं.

"मेंदूच्या पेशींना कॅल्शियम आत घ्यायची दारं असतात, प्रथिनांची. शरीर त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या चढवतं, म्हणून ती वेळेवर उघडतात, मिटतात. हिच्या साखळ्या अर्धवट आहेत. दार लवकर उघडतं, मिटायला उशीर लावतं. म्हणून तोल जातो, साधा मारही सोसत नाही."

"मग साखर चारू का जास्तीची?" उमाबाईनं विचारलं.

"खायच्या साखरेनं नाही होणार, आजी. दोष जन्माचा आहे. एक बिघडलेला जनुक आईकडून, एक बापाकडून आला. जवळच्या नात्यात लग्न झालं की असं जास्त घडतं."

परतीच्या एसटीत उमाबाईनं सिंधुच्या पाठीवरून हात फिरवला. "कुणाची चूक न्हाई बाई. महादेवाची मर्जी." तिला स्वतःलाच ते पटत नव्हतं. रात्रंदिवस मन खात राहिलं, आणि शेवटी तिनं लेकीला, तुळजाबाईला, बोलावून घेतलं.

"आरतीची सोयरीक मोडली म्हण."

"आगं आई! सुपारी फुटलीय. लोकांत तोंड कसं दाखवू?"

"माझं नाव सांग. लोकांनी मला शिव्या द्याव्या. पण या घरात असलं दुसरं लेकरू नको!"

सिंधु तिथंच सृष्टीला वरणभात भरवत होती. तिचा घास हातातच राहिला. उमाबाईनं जीभ चावली, पण बोललेलं कुठं परत येतं?

"बरं केलंस आज्जी, आरती सुटली," सिंधु म्हणाली. "माझ्या टायमाला मातर कुणालाच सुचलं न्हाई."

उमाबाईनं रडत रडत सृष्टीला घ्यायला हात पुढं केले. सिंधुनं पोरीला पोटाशी ओढलं.

"ऱ्हाऊ दे. असलं लेकरू माझं हाय. मीच घेते."