शेवटचं दीड मिनिट

बोईसरच्या नाक्यावर माझं कॅसेटचं दुकान होतं. मी चौथी शिकलेला, सफाळ्याच्या आतल्या गावातला. लोक गाण्यांची चिठ्ठी आणून द्यायचे, मी त्यांना कॅसेट भरून द्यायचो. त्या धंद्यात एक गोष्ट कळली. चांगलं गाणं खपतं ही थाप आहे. वाजतं ते खपतं. दुपारची पाळी सुटली की कारखान्यातली माणसं सायकली ढकलत दुकानावरून जायची. तेव्हा बाहेरच्या स्पीकरवर जे लावलेलं असेल तेच संध्याकाळी येऊन मागायची. "वो दोपहरवाला गाना." चार दिवसांत ते गाणं रिक्षात, आठवड्यात लग्नात. मी लावलेली कितीतरी टुकार गाणी तारापूरपर्यंत गाजली. आणि एक चांगली कॅसेट मी मारून टाकली. जाणूनबुजून.

ती माझ्या बायकोच्या गावच्या माणसाची होती. बायको पालघरजवळच्या माहीमची, पानवेलींच्या वाडीतली. हा बाजूच्या वाडीतला, शाळेत तिच्या वर्गात. गिटार आणि कॅसिओ घेऊन मुंबईला गेला आणि आठ गाणी भरून आला. देवाची नाहीत, हळदीची नाहीत, सिनेमाचीही नाहीत. स्वतः केलेली. पालघरच्या दुकानदारांनी हात लावला नाही, तेव्हा पिशवी भरून माझ्याकडे आला.

"भावजी, रोज पाळीच्या टायमाला एकदा लावा. दुसरं काय नको."

"ठेव तिकडं. बघतो."

तो गेल्यावर मी दोन्ही बाजू ऐकल्या. वाईट असती तर लावली असती, खरं सांगतो. लोक हसले असते, मला बरं वाटलं असतं. पण चांगली होती. गाजलेल्या दहा कॅसेटी तिच्यावरून ओवाळून टाकाव्यात अशी. शेवटच्या गाण्यात तबला नाही, ढोलक नाही, नुसता इंजिनाचा ठोका. धडधडत चालायचा आणि मधेच एक ठोका गाळायचा.

बायको तेवढ्यात माझा डबा घेऊन आली होती. उभी राहिली. "अवो, हे आमच्या वाडीतलं पाण्याचं इंजिन," म्हणाली आणि हसली. लग्नाला बारा वर्षं झाली होती. माझ्या कुठल्या बोलण्यावर ती तशी हसल्याचं मला आठवेना.

मी कॅसेट काढली.

"लावा ना परत."

"गिऱ्हाईक हाय."

गिऱ्हाईक नव्हतं.

पिशवी काउंटरखाली गेली. पाळीच्या वेळेला स्पीकरवर सिनेमा. दोन-तीन जण माहीमच्या कार्यक्रमात ऐकून आले होते, त्यांनी मागितली. "संपली," म्हटलं. मग दिवाळीच्या गर्दीत कोऱ्या कॅसेटी संपल्या. विकत घेतलेल्या कॅसेटवर भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीवरच्या दोन खिडक्यांची झाकणं मोडलेली असतात. तिथं चिकटपट्टी लावली की भरता येतं. आम्ही सगळेच करायचो. मी त्याच्या सगळ्या कॅसेटींना चिकटपट्ट्या लावल्या आणि त्याच्या गाण्यांवर चालू सिनेमाची गाणी भरून विकली. ती कामगारांच्या ट्रंकेतून कुठं कुठं बिहार-ओरिसात गेली.

तो संक्रांतीनंतर आला. "काय म्हणतात लोक?"

"लोकांना नाय आवडली रे."

"मंग उरलेल्या द्या."

"पावसात भिजल्या."

पाऊस कधीच सरलेला, मग भिजल्या कधी, हे त्यानं विचारलं नाही. मान हलवली आणि गेला. परत गायला नाही. वाडीच करतो. मी त्या दिवशी घरी मटण नेलं.

तशी भरलेली एक कॅसेट बायकोनं दुकानातून नेली होती. मला वाटलं सिनेमाची गाणी तिला आवडली. भाकऱ्या थापताना लावायची. गाणी संपली तरी बंद करायची नाही, खट् होईपर्यंत फिरू द्यायची.

मी आतल्या खोलीतून ओरडायचो, "अगो बंद कर, सेल जातात."

"संपंल आपोआप. तुमी जेवा."

ती जाऊन आता आठ महिने झाले. घर खायला उठतं म्हणून परवा तीच कॅसेट लावली आणि तिच्या जागी बसलो. सिनेमाची गाणी संपली. थोडी खरखर झाली. आणि इंजिन सुरू झालं. मी भरलेली गाणी कमी पडली होती, त्याचं शेवटचं दीड मिनिट खाली तसंच राहिलं होतं. मधेच एक ठोका गळला. मला कळलं ती कशाची वाट बघत बसायची. रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. इतकी वर्षं माझ्या घरात, माझ्या सेलवर, तो.

आणि तरी मीच त्याला निरोप धाडला. तो आला, पांढऱ्या मिशा, पानांचा पुडा घेऊन. मी दीड मिनिट वाजवलं. त्याला आधी ओळखू येईना.

"हे माझं हाय?"

"तुझंच. बाकीचं मी पुसलं. लोकांना आवडली नाय म्हटलं ते खोटं. लोकांना ऐकवलीच नाय."

"म्हायती हाय. तिनं सांगितलेलं."

"कधी?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"त्याच साली. वाडीत आलेली. म्हणाली, तुझी गाणी वाईट नायत, कोणाच्या कानावर गेली नायत."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. त्याला समजावायला वाडीत गेली आणि मला एक शब्द बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर त्या माझ्या तरी झाल्या असत्या.

"माझ्याकडच्या कॅसेटीला खाऱ्या हवेनं बुरशी धरली," तो म्हणाला. "ही द्या मला. आता एवढीच उरलीय."

मागणं रास्त होतं.

"नाय देत," मी म्हटलं. "ही तिची. तुला भरून देतो."

दुकानातली दोन खणांची मशीन मी मोडीत दिली नव्हती. एका खणात तिची, दुसऱ्यात कोरी. दीड मिनिट दोघं फिरणारी चाकं बघत बसलो. भरून झाल्यावर मी कोरीच्या पाठीवरची दोन्ही झाकणं सुरीनं मोडली. मग तिची घेतली, जुनी चिकटपट्टी नखानं सोलून काढली आणि कॅसेट परत तिच्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली.

"त्यावर पट्टी लावू देऊ नको कोणाला," मी त्याला म्हटलं.

तो म्हणाला, "भावजी, तुमच्याशिवाय कोण लावणार?"