कपाटातली चिठ्ठी

माझ्या मुलीचे पाय बारमाही गार असत. चौदाव्या वर्षी जिना चढताना पोटऱ्या दुखतात म्हणू लागली, म्हणून भिवंडीतल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हाताचं प्रेशर घेतलं, ते खूप वाढलेलं. पायाचं फारच कमी. घोट्यापाशी बोटं ठेवून बराच वेळ नाडी शोधली. मग मला एकट्याला आत बोलावलं. "हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मतःच एका जागी अरुंद असावी. मुंबईला दाखवा, उशीर करू नका," म्हणाले आणि चिठ्ठी दिली.

ती चिठ्ठी मी कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या कागदाखाली सरकवली. पोरीची छाती कापतील, व्रण राहील, उद्या स्थळं आली की काय सांगायचं, एवढंच डोक्यात. बायकोला म्हटलं, "रक्त कमी हाय. पाय गरम पाण्यात शेकायला सांगितलेत."

गरम पाणी म्हणजे आमच्याकडे वज्रेश्वरी देवीजवळची कुंडं. वर्षभर दर रविवारी एसटीनं गेलो. पोरगी कुंडात पाय सोडून बसायची. बाहेर आल्यावर घटकाभर पाय गरम राहत आणि मी स्वतःला पटवायचो, गुण येतोय.

मग एक दिवस वर्गात तिच्या नाकातून रक्त आलं, ते थांबेना. त्या दिवशी चिठ्ठी बाहेर काढली.

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं. बायकोसमोर त्या तारखेचा विषय काढला नाही. "छाती उघडायची नाही," एवढं ठामपणे सांगितलं. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेली, अरुंद जागी फुगा फुगवला, जाळीचा स्टेंट बसवला. नंतर त्यांनी माझं बोट मुलीच्या पावलावर ठेवलं. नाडी चांगली जोरात लागत होती. मांडीवर मसुराएवढी खूण. ज्या व्रणाला मी वर्षभर भ्यालो, तो झालाच नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "देवीची ओटी भरू. त्या पाण्यानंच पोर तगली."

तेव्हा मात्र गप्प राहवेना. चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली, सगळं सांगितलं.

मुलगी आधी बोलली. "म्हणजे बाबा, वर्षभर मला उगाच उकडवलंत?"

बायकोनं तारीख दोनदा वाचली. घडी घालून चिठ्ठी फाइलीत ठेवली.

"पुढच्या कागदांना तुम्ही हात लावायचा न्हाय," म्हणाली.

फाइल अजून तिच्याकडेच आहे. एकही तपासणी चुकलेली नाही.