बटण तीनदा

आधीच सांगून टाकतो, मी त्याच्यावर जळत होतो. आजही जळतो, आता फक्त सवय झाली आहे.

तो नांदगावचा. वडील गाद्या भरायचे आणि हा नाशिकला कॉलेजच्या नावाखाली येऊन माझ्या गच्चीवर पडीक असायचा. मी हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवायचो, गायचोही. रिदम अँड ब्लूज हा अमेरिकन गाण्यांचा प्रकार त्याला मीच ऐकवला, तोही माझ्याच मोबाइलवर. माझ्या गळ्यातून ते गाणं नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं निघायचं. तो मात्र वडील कापूस पिंजायचे तसा एकेक सूर मोकळा करायचा. वर मलाच म्हणायचा, "भाऊ, तुमी हात ठेवला की गळा आपोआप चालतो." असं बोलणाऱ्यावर धड रागावताही येत नाही.

गंगापूर धरणाच्या बाजूला एका द्राक्षमळ्यात रविवारी दुपारी वाइन प्यायला आलेल्यांसाठी गाणी असतात. तिथे आम्ही दोघं जाऊ लागलो. टाळ्या त्याला, आणि मला "कीबोर्ड जरा हळू ठेवा." एका रविवारी मुंबईहून एक रेकॉर्डिंगवाला आला. त्याला नवा आवाज हवा होता. एकच. दोघांनी एकेक गाणं म्हणायचं ठरलं. मी चौतिशीचा, तो बावीसचा. मला असं कुणी पुन्हा विचारणार नव्हतं.

आधी मी गायलो. वाईट नाही झालं. रेकॉर्डिंगवाला चीज खात होता.

मग त्याची पाळी, साथीला मी. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. बोटं तिथेच ठेवायची, बटण एकदा दाबलं की अख्खी पट्टी एक पायरी वर सरकते. हळदीतले निम्मे वादक त्यावरच जगतात, मीही. त्याची पट्टी काळी एक. मी बटण तीनदा दाबलं. पांढरी तीन. चुकून नाही, मोजून दाबलं.

त्याने माझ्या सुरावर विश्वास ठेवून सुरुवात केली. गाणं वर चढलं तसं त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून वाजवत राहिलो. ऐन वरच्या सुरावर त्याचा आवाज फाटला. मला मनातून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? पण तो गडी थांबला नाही. फाटक्या आवाजातच पुढे गात सुटला. मला माझ्या हातांवर काटा आलेला दिसला आणि त्याचाही राग आला.

रेकॉर्डिंगवाल्याने ताटली बाजूला सारली. "परत एकदा. याच पट्टीत."

येताना तो माझ्या बाइकवर मागे बसला होता. सातपूरच्या सिग्नलला त्याने विचारलं, "भाऊ, माझा गळा तिथवर जातो हे तुमाला आधीच म्हाईत होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

आता तो मुंबईत असतो. जिथे विचारतील तिथे सांगतो, माझी खरी पट्टी भाऊंनी शोधून दिली. लोक माझं अभिनंदन करतात, मी हात जोडतो. हळदीत त्याच्याच गाण्याची फर्माईश येते. नवरदेवाचे मित्र नाचायला उभे राहतात आणि मी बटण दाबतो. तीनदा.