रुमाल टाकलेल्या दोन खुर्च्या

आमच्या नाटक मंडळीतल्या दिवेवाल्याला आम्ही सगळे ‘उजेड’ म्हणायचो. निवृत्तीनंतर तो दर सुट्टीत वाचनालयाच्या मागच्या खोलीत खेळण्यातल्या आगगाड्या मांडतो. बोगदा कागदाच्या लगद्याचा, स्टेशनातले दिवे तांदळाएवढे. यंदा शेजारच्या दोन्ही पोरांना घेऊन मी बघायला गेलो. खोली मुलांनी गच्च भरली होती, पण पुढच्या दोन खुर्च्यांवर त्याने रुमाल टाकून ठेवले होते. एक परगावच्या लेकीसाठी, एक नातीसाठी.

नाटकवाल्यांची सवय जात नाही. तिसऱ्या घंटेशिवाय आमचा खेळ सुरू होत नाही. उजेडने दोन घंटा दिल्या आणि तो दाराकडे बघत बसला.

“आजोबा, गाडी रुसली का?” माझ्याबरोबरच्या धाकटीने विचारलं.

“इंजिन चहा पितंय.”

“एवढा वेळ?”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. “बरं. नाही गं, रागावतो कशाला? पुढच्या वर्षी या,” म्हणत त्याने तो खिशात टाकला.

मी मुद्दाम रंगमंचावरचा आवाज काढला, “मालक, प्रेक्षक खोळंबलेत!”

“दोन खुर्च्या रिकाम्या आहेत रे,” तो हळूच म्हणाला.

मग त्याने एक रुमाल उचलला, धाकटीला तिथे बसवलं आणि तिसरी घंटा दिली. तांदळाएवढे दिवे लागले, गाडी सुटली, पोरं ओरडली. दुसरा रुमाल मात्र खेळ संपेपर्यंत तिथेच होता.