नववी ‘ब’ आणि मुरुडची मान

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या लातूरकडं त्या वर्षांत पाणी सोडून बाकी सगळं साठायचं. धूळ साठायची, पाहुणे साठायचे, न बोललेली बोलणी साठायची. किस्से त्यातच कुठंतरी तळाला. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळं माझ्याकडचा साठा जरा जास्त.

मैत्रिणी म्हणतात, परदेशातलं काहीतरी सांग की. परदेश म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं बर्फ येतो. आमचा परदेश म्हणजे इथिओपियातलं डोंगरावरचं एक लहान गाव. मातीचे रस्ते, पत्र्याची शाळा आणि आठवड्यातून दोनदा येणारा नळ. तो नळ बघून आमच्या यांना, म्हणजे नवऱ्याला, पहिल्याच दिवशी घरच्यासारखं वाटलं.

*

आमचं लग्न मे महिन्यात झालं आणि सप्टेंबरात आम्ही विमानात. हे गणिताचे, मी इंग्रजीची. यांचा करार दोन वर्षांचा, पक्का. माझा मात्र सहामाहीपर्यंतच. त्याचं कारण हेडमास्तर अतो तेस्फाये यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. ‘अतो’ म्हणजे तिकडचं ‘श्रीयुत’. उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी मला विचारलं, काय काय शिकवलंय? मी नांदेडच्या शाळेतलं सगळं सांगितलं. ते टेबलावर पुढं वाकले. आणखी वाकले. शेवटी म्हणाले, “मॅडम, माझ्या नववीत बहात्तर मुलं आहेत. शेवटचा बाक तुमच्यापासून माझ्यापेक्षा बराच लांब असेल.”

तर ठरलं असं, की सहामाहीला इन्स्पेक्टर येतील, माझा तास बघतील आणि मग पुढचं. नोकरी पक्की झाली नाही तर माझा राहण्याचा परवाना वाढणार नव्हता. म्हणजे हे तिथं आणि मी मुरुडला, सासूबाईंपाशी. चार महिन्यांचा संसार, त्यातले दोन पासपोर्टच्या रांगेत गेलेले. मला नवऱ्याचा स्वभाव अजून पुरता कळला नव्हता. त्यांना माझा आवाजसुद्धा नीट ऐकू येत नव्हता.

*

सासूबाईंची पत्रं यायची. त्या सांगायच्या आणि शेजारचे गुरुजी लिहायचे. गुरुजी प्रामाणिक, सांगितलेलं तसंच्या तसं उतरवायचे.

“जयभीम. सुजाता, तू तिथं इंग्रजी शिकवतीस म्हणं. इंग्रजी इंग्रजाची, तू नांदेडची, शिकणारे तिसरेच. मला कायबी कळंना. पण शिकव. हिकडं पाऊस न्हाई. पत्त्यात आता जिल्हा लातूर लिहीत जा, उस्मानाबाद न्हाई. जिल्हा हिकडं आला, पाणी तिकडंच राह्यलं वाटतं.”

यांनी पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं आणि शेवटच्या ओळीला हे थांबले. बाहेर आमच्या डोंगरावरही त्या साली आभाळ कोरडंच होतं. यांनी पत्राची घडी घातली आणि बादलीतलं तांब्याभर पाणी परत माठात ओतलं.

*

पहिल्या आठवड्यात मी घरी येऊन यांना सांगितलं, मुलं मला घाबरतात.

माझ्यासारखीला कुणी घाबरावं ही गोष्ट मला एका अर्थी सुखावणारी होती, पण झोप लागेना. मी धडा समजावायचे, विचारायचे, कळलं का? की पुढच्या बाकावरची अल्माझ एकदम दचकून श्वास आत ओढायची. हुं! जसं पायाजवळून विंचू गेला. मग शेजारचीही दचकायची. मी दोनदा मागं वळून फळ्याकडं बघितलं.

हे म्हणाले, “माझ्याकडंही असंच होतं. मला वाटलं, गणितंच अवघड आहेत.”

शेवटी अतो तेस्फायेंनाच विचारलं, मुलं आजारी आहेत का? ते म्हणाले, नाही. मग ‘कळलं का’ असं विचारलं की अशी का करतात? त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि स्वतःच दचकले. हुं!

“हो म्हणतात,” ते म्हणाले. “आम्ही हो असंच म्हणतो.”

*

आमच्याशिवाय त्या शाळेत आणखी एक मराठी माणूस होता. उदगीरचे बसवराज आप्पा, भौतिकशास्त्राचे. वय पन्नाशीकडं, बायकामुलं गावी, गळ्यात लिंग, खाण्यात कांदा चालतो पण मांस नाही. त्या गावात पाहुण्याला मांस वाढणं हीच रीत. नको म्हणावं तर घरच्या बाईचा चेहरा पडतो.

आप्पांनी महिनाभर निरीक्षण केलं. तिथले ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी कडक उपास करतात, मांस नाही, दूधही नाही. डाळी आणि भाज्या. आप्पांनी तेव्हापासून जेवणाची आमंत्रणं फक्त बुधवारची आणि शुक्रवारची घ्यायला सुरुवात केली. सोमवारी बोलावलं तर म्हणायचे, परवा येतो. गळ्यातला दोरा लोकांना दिसायचा. त्यांच्याही गळ्यात श्रद्धेचा दोरा असतोच.

दिवाळीच्या सुमाराला चर्चचे म्हातारे पाद्री रस्त्यात थांबले आणि आप्पांपुढं वाकले. म्हणाले, माझ्या गावात तुमच्याइतके उपास कुणी धरत नाही.

आप्पा आम्हाला सांगत होते, “काय बोलणार? मीबी वाकलो.”

*

अतो तेस्फायेंनी आम्हा तिघांना घरी बोलावलं. अर्थातच बुधवारी.

त्यांच्याकडं जेवायच्या आधी घरची बाई सुरई आणि तसराळं घेऊन येते, प्रत्येक पाहुण्यापुढं वाकते आणि त्याच्या हातावर पाणी घालते. मानाची रीत. हेडमास्तरांच्या पत्नी आधी माझ्याकडं आल्या, कारण मी नवी नवरी. सुरई वर उचलली गेली आणि माझे हात आपोआप मागं गेले. तसराळ्यात पाणी पडलं, थोडं चटईवरही सांडलं.

मला स्वतःला कधी कुणी वरून पाणी दिलं नव्हतं. आजीला दिलं होतं. विहिरीपासून लांब बसायचं, ओंजळ धरायची, कुणी येईल तोवर थांबायचं. आलं तर वरून धार. हे मी लहानपणी ऐकलं होतं, तेवढंच. पण हातांनी ते जपून ठेवलं होतं, हे मला तिथं कळलं.

मी हात पुढं केले, धुतले, हसले. हेडमास्तरांच्या पत्नीला वाटलं, पाणी गार होतं. आप्पांना तसं वाटलं नाही. ते उदगीरचे होते. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग बराच वेळ चटईवरच्या ओल्या डागाकडं बघत राहिले.

*

त्याच जेवणातली पुढची गोष्ट. ताटात मोठी मऊ आंबूस भाकरी, तिच्यावर डाळी. बाईंनी एक घास गुंडाळला आणि थेट यांच्या तोंडाशी नेला. पाहुण्याला स्वतःच्या हातानं घास भरवणं, ही पण रीतच. आमचे हे मुरुडचे. त्यांनी छताकडं बघत तोंड उघडलं.

मग बाईंनी मला भरवला. मग यांना म्हणाल्या, आता तुम्ही बायकोला.

लग्नात फोटोग्राफरनं यांना हेच सांगितलं होतं, तेव्हा जिलेबी माझ्या पदरावर पडली होती. आता यांनी घास तर बांधला, पण हात मधेच थांबला. समोर आप्पा. आप्पा वयानं वडील. आप्पांनी ते ओळखलं, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, “माझं लक्ष न्हाई. होऊ द्या.”

घास बरा मोठा होता. चावता चावता माझ्या मनात आलं, सहामाहीला परत जावं लागलं तर एवढा एकच घास माझ्या खात्यावर.

*

महिनाभरानं आप्पांनी आम्हाला जेवायला बोलावलं. एकट्या माणसाचं घर, दोन खुर्च्या, एक स्टोव्ह. भात, वरण, शेंगदाण्याची चटणी. आम्ही बसलो तर आप्पा आतून सुरई आणि तसराळं घेऊन आले. नवीन होतं, बाजारातली चिठ्ठी अजून तसराळ्याला चिकटलेली.

हे म्हणाले, “आप्पा, आमच्या दोघांपुरतं हे कशाला? नळावर धुतो की.”

आप्पांनी ऐकलं नाही. ते माझ्यापुढं आले. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी वाकले, चांगले खालपर्यंत. “वहिनी, हात.”

मी हात पुढं केले. त्यांनी हळूहळू पाणी घातलं. त्या आठवड्यात नळ एकदाच आला होता, तरी धार बारीक केली नाही. पाणी संपेपर्यंत ते खाली बघत होते.

“आमचे आजोबाबी वरूनच वतायचे,” ते म्हणाले. “वाकून कधी न्हाई वतलं.”

मग ते यांच्याकडं वळले आणि म्हणाले, वरणात मीठ जास्त झालंय, आधीच सांगून ठेवतो.

*

सहामाही जवळ आली तशी एक गोष्ट मला छळायला लागली. नववी ‘ब’चे मार्क वाईट होते. वर्गात उत्तरं बरोबर यायची आणि वहीत चुकलेली. अल्माझ तर सगळ्यांत हुशार, तरी तिची वही सगळ्यांत खाडाखोडीची. हेडमास्तरांनी मार्कांचा तक्ता बघितला होता. तेव्हापासून ते माझ्याकडं जरा जास्तच वाकायचे.

एका दुपारी मी अल्माझच्या वहीचं पान खिडकीच्या उजेडात धरलं. खोडलेल्या जागी आधीचं उत्तर दिसत होतं. बरोबर होतं. दुसरं बघितलं, तेही बरोबर. बरोबर लिहून पोरीनं खोडलं होतं आणि खाली चूक लिहिली होती.

मी तिला बोलावलं. बरोबर उत्तर का खोडलंस?

ती म्हणाली, “टीचर, तुम्हीच नाही म्हणालात.”

“कधी?”

“रोज. मी उत्तर देते आणि तुम्ही असं करता.” आणि तिनं मान डोलावली. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं. हुबेहूब. मुरुडच्या बाजारात भाव पटला की बाई जशी डोलावते, तशी.

तिथं मान आडवी हलली की त्याचा अर्थ ‘नाही’. एवढंच. मी चार महिने बहात्तर पोरांना, त्यांची उत्तरं ऐकून, खूश होऊन, प्रेमानं, नाही नाही म्हणत होते. आवाज एवढा लहान की शब्द पोचायचे नाहीत. मान मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचत होती.

मी तिला सांगितलं, आमच्याकडं याचा अर्थ हो. अल्माझनं वहीची चार-पाच पानं मागं उलटली. मग म्हणाली, “म्हणजे चार महिने मी बरोबर होते?”

मी मान हलवली. मग घाबरून तोंडानंही हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आधी हेडमास्तरांना आणि मग वर्गाला सांगितलं. त्या दिवशी धडा झाला नाही. बहात्तर मुलं एकमेकांकडं तोंड करून मुरुडची मान शिकत होती. काहींची मान खांद्यासकट हलत होती. अल्माझ बाकाबाकातून फिरून सुधारत होती.

*

इन्स्पेक्टर सोमवारी आले. राखाडी कोट, कोटाच्या खिशात पेन, चेहऱ्यावर लांबच्या बसप्रवासाची धूळ. हेडमास्तरांनी त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं. स्वतः दाराशी उभे राहिले. हे आणि आप्पा, दोघांचाही तास नसल्यानं, बाहेर व्हरांड्यात उगाच नोटीस बोर्ड वाचत होते. त्या बोर्डावर महिनाभर एकच नोटीस होती.

मी शिकवायला लागले. आवाज वाढवायचा प्रयत्न केला तर तो फाटला, म्हणून होता तसाच ठेवला. वर्ग पुढं झुकला. बहात्तर माणसं ऐकायला झुकली की पत्र्यावरून चालणाऱ्या कबुतराचासुद्धा आवाज येतो. तो येत होता.

तास संपला. इन्स्पेक्टर उभे राहिले. वहीत बघून त्यांनी हेडमास्तरांना सांगितलं की मॅडमचा आवाज मागं जेमतेम पोचतो, आणि मार्कांचा तक्ताही बरा नाही. मग वर्गाकडं वळून, सरळ, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “तुम्हाला यांचं बोलणं समजतं? पुढं याच बाई हव्यात का?”

अल्माझनं मागं वळून वर्गाकडं बघितलं. आणि बहात्तर माना हलल्या. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं.

व्हरांड्यात आप्पांचा खोकला ऐकू आला.

इन्स्पेक्टरांचा चेहरा उतरला. मला वाटतं त्यांना माझी दया आली. एवढ्या मुलांनी तोंडावर असं सांगावं, हे त्यांनाही नको होतं. त्यांनी पेन उचललं आणि जरा हळू आवाजात मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही बघितलंत ना, वर्ग काय म्हणाला?”

मी त्यांच्याकडं बघितलं आणि श्वास आत ओढला, असा, दचकल्यासारखा.

हुं!

दारात हेडमास्तरांनीही ओढला. “मॅडमकडं हो असंच म्हणतात,” ते म्हणाले.

इन्स्पेक्टर थांबले. माझ्याकडं बघितलं, हेडमास्तरांकडं बघितलं, मग वर्गाकडं. वर्गातल्या माना अजून हलत होत्या. अल्माझची सगळ्यांत पुढं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं. आणि मग, कुणी दुसऱ्याची चप्पल पायात घालून बघावी तसं, अगदी जपून, मान हलवली. डावीकडं. उजवीकडं.

खांद्यासकट हलली. अल्माझ उठली आणि त्यांना नीट करून दाखवायला लागली.